विषाणू निजला, पण रक्तातली धग?

फराळाच्या ताटाशी बसलेल्या माणसापुढे हृदयविकाराचे नाव काढू नये, असा एक अलिखित शिष्टाचार आहे. आणि एड्सचे नाव तर आपल्या सभ्य घरांत दिवाळीलाच काय, शिमग्यालाही निघत नाही! या लेखात दोन्ही नावे एकदमच काढायची आहेत. तेव्हा ज्यांच्या तोंडात चकली असेल त्यांनी ती आधी निवांतपणे संपवावी आणि मग पुढे वाचावे.

कारणच तसे आहे. तीस वर्षांपूर्वी एच.आय.व्ही.चे निदान म्हणजे मृत्युपत्र करून ठेवा असा निरोपच समजला जाई. आज हा विषाणू अंगात असलेली सुमारे २५ लाख माणसे आपल्या देशात आहेत, आणि राज्यवार पाहिले तर त्यांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे. ती कचेऱ्यांत जातात, दुकाने चालवितात, मुलांची लग्ने लावतात, नातवंडांना बागेत नेतात. रोज वेळेवर गोळी घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू शोधू म्हटले तरी सापडत नाही, इतका तो गाढ निजवून ठेवलेला असतो. असा विषाणू शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागतही नाही, हे गेल्या दहा वर्षांत पक्के सिद्ध झाले आहे. म्हणजे सारे कसे मार्गी लागले! आणि अशा वेळी एक दिवस, ध्यानीमनी नसताना, त्यातल्या एखाद्याच्या छातीत कळ येते. शेजारच्या बिऱ्हाडातील त्याच्याच वयाच्या गृहस्थाला येत नाही. यालाच का यावी?

या ‘का’चा शोध एखाद्या रहस्यकथेसारखा झाला आहे. पहिला संशय भलत्यावरच गेला, निरपराध्याला जवळजवळ हद्दपार करण्यात आले आणि खरा अपराधी दिसला तो अगदीच आडवाटेला.

गायतोंड्यांची सुनीती

गोष्टीची सुरुवात आपल्या लोकांना अभिमान वाटावा अशी आहे. मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या एका मराठी कुटुंबातील मुलगी, सुनीती गायतोंडे, डॉक्टर झाली. मद्रास मेडिकल कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत. १९८६ साली त्यांनी आपल्या निर्मला नावाच्या विद्यार्थिनीला एक चमत्कारिक काम दिले: मद्रासमधील शरीरविक्रय करणाऱ्या शंभरएक स्त्रियांचे रक्त जमवायचे आणि त्यात हा नवा विषाणू आहे का ते पाहायचे. हा रोग पाश्चात्त्यांचा, आपल्या सोवळ्या देशात तो कुठला यायला, अशीच सर्वांची समजूत होती. वेल्लोरच्या इस्पितळात तपासणी झाली आणि सहा नमुने सदोष निघाले. हिंदुस्थानातील एच.आय.व्ही.चा हा पहिला पुरावा. पुढे १९९३ मध्ये बाईंनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र उभारले आणि ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते त्यांना तेथे उपचार मिळू लागले. २०१५ साली त्या वारल्या; २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट अशी, की त्यांचे यजमान डॉ. सॉलोमन व्हिक्टर हे हृदयाचे शल्यविशारद होते. एकाच घरात पत्नी विषाणूच्या मागे, पती हृदयाच्या. हे दोन विषय पुढे एकाच रोग्याच्या छातीत येऊन भेटायचे होते!

मधला इतिहास झटपट उरकू. १९८७ मध्ये पहिले औषध आले. ते एकटे पुरे पडेना. १९९६ मध्ये तीन औषधे एकत्र देण्याची तऱ्हा निघाली आणि मरणपंथाला लागलेली माणसे उठून बसू लागली. पण वर्षाचा खर्च १०,००० डॉलरांहून जास्त! फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी तोच वर्षाचा खुराक ३५० डॉलरांत देऊ केला आणि जगभरच्या औषध कंपन्यांची झोप उडविली. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने हे औषध फुकट द्यायला सुरुवात केली. माणसे जगू लागली. आता प्रश्न असा, की जगलेली माणसे पुढे कशाने आजारी पडतात?

पहिला संशयित: औषध

संशय आधी औषधांवरच गेला, आणि तो अगदी अकारण नव्हता. त्या काळच्या गोळ्यांनी गालफडे बसत, पोट सुटे, कोलेस्टेरॉल वाढे. २००३ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तीत २३,४६८ रोगी होते. औषध घेण्याच्या दर वर्षागणिक हृदयाच्या झटक्याचा संभव सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो, असे तीत दिसले. पुढच्या पाहणीत बोट नेमके एका जातीच्या औषधांकडे वळले. ‘प्रोटीएज इनहिबिटर’ हे त्या जातीचे नाव. त्यांचा वाटा दर वर्षी १६ टक्के निघाला.

तेव्हा डॉक्टरमंडळींनी विचार केला, आणि विचार मोठा शहाणपणाचा दिसत होता: औषध सतत कशाला द्यायचे? प्रतिकाराच्या पेशी भरपूर असतील तेव्हा गोळ्यांना सुटी द्यावी, त्या कमी होऊ लागल्या की पुन्हा सुरू करावे. पैसे वाचतील, आणि हृदयालाही विसावा मिळेल. २००२ मध्ये या कल्पनेची परीक्षा सुरू झाली. ‘स्मार्ट’ हे तिचे नाव. देश ३३, माणसे ५,४७२. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे दोन गट केले. एकाने गोळ्या अखंड घ्यायच्या. दुसऱ्याने सीडी-४ पेशींची संख्या ३५० च्या वर असेतोवर थांबायचे आणि २५० च्या खाली गेली की पुन्हा सुरुवात करायची.

जानेवारी २००६ मध्ये ही परीक्षा घाईघाईने थांबवावी लागली. सुटी घेणाऱ्या गटात १२० जणांना गंभीर संधिसाधू आजार झाला किंवा मृत्यू आला. अखंड औषध घेणाऱ्यांत तोच आकडा ४७. इथवर कदाचित अंदाज करता आला असता. खरा धक्का पुढे होता. ज्या हृदयाला विसावा मिळावा म्हणून सारा खटाटोप, त्या हृदयाचे आजार सुटी घेणाऱ्यांतच जास्त झाले! मूत्रपिंडाचे आणि यकृताचेही तसेच. औषध थोडे अपराधी असेल. पण त्याला हाकलून दिल्यावर घरात जो शिरला तो अधिक घातकी होता.

सुदैवाने या सर्व माणसांचे रक्त गोठवून ठेवलेले होते. २००८ साली ते पुन्हा तपासले गेले. औषध थांबवल्यावर महिनाभरातच त्या रक्तात दोन पदार्थ चढलेले आढळले. एकाचे नाव इंटरल्युकिन-६, दुसऱ्याचे डी-डायमर. पहिला शरीरात दाह चालू असल्याची खूण, दुसरा रक्त गोठण्याची क्रिया चालू असल्याची. आणि ज्यांच्या रक्तात हे पदार्थ अधिक, त्यांच्यात मृत्यूही अधिक.

मोरीची नळी नव्हे, गळू

येथे दाह म्हणजे काय ते नीट सांगितले पाहिजे. बोटात काटा मोडला की बोट लाल होते, सुजते, गरम लागते, ठणकते. हे काट्याचे काम नव्हे. आपल्याच सैन्याने तेथे जमून केलेल्या धावपळीचा तो परिणाम. काटा निघाला की सैन्य परत जाते, बोट पूर्ववत होते. पण काटा निघालाच नाही तर? आणि तो बोटात नसून साऱ्या रक्तात विखुरलेला असला तर? मग ताप नाही, ठणका नाही. मंद आचेवर राखेखाली निखारा असावा तशी धग मात्र वर्षानुवर्षे राहते.

आणि हृदयाच्या रोहिण्यांना ही धग मानवत नाही. रोहिणीत चरबी साचते आणि मोरीच्या नळीत केरकचरा अडकून पाणी तुंबावे तसे रक्त तुंबते, असे चित्र आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे असते. ते चित्र सोपे आहे, पण पुरते खरे नाही. ही चरबी नळीच्या आत चिकटून बसत नाही. रोहिणीच्या भिंतीत शिरते. तिला खाऊन टाकण्यासाठी पांढऱ्या पेशी तेथे जमतात, खाऊन खाऊन फुगतात, तेथेच मरतात. थोडक्यात, भिंतीच्या आत एक गळूच तयार होते. हे गळू लहान असते तोवर माणूस जिने चढतो, धावतो, त्याला काही जाणवत नाही. पण दाहाने त्याची कातडी पातळ होत जाते आणि एके दिवशी ते फुटते. फुटल्या जागी रक्ताची गाठ धरते आणि हृदयाच्या त्या भागाचा पुरवठा खुंटतो. पुष्कळदा झटका येतो तो असा. म्हणूनच ‘काल तर चांगले हिंडत-फिरत होते हो!’ हे वाक्य अशा घरी समाचाराला गेल्यावर हटकून ऐकू येते.

या रोगाच्या मुळाशी दाह आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ व्हिर्खो याने एकोणिसाव्या शतकातच सुचविले होते. सज्जड पुरावा यायला २०१७ साल उजाडले. हृदयाचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ लोकांवर एक औषध वापरून पाहण्यात आले. ते कोलेस्टेरॉलला हात लावीत नाही, फक्त दाहाच्या साखळीतील एक कडी तोडते. योग्य मात्रेत ते घेणाऱ्यांत हृदयाचे नवे आघात १५ टक्क्यांनी कमी झाले. ते औषध फार महाग, शिवाय त्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून ते घरोघरी गेले नाही. पण मुद्दा सिद्ध झाला.

फुटका बांध

आता रहस्यकथेतील शेवटची गाठ. औषध बंद केल्यावर धग वाढते, हे समजले. पण औषध नियमित घेणाऱ्याच्या रक्तातही ती पुरती का विझत नाही? विषाणू तर निजलेला आहे!

उत्तर मिळाले ते आतड्यात. आपल्या शरीरातील प्रतिकाराच्या सैन्याची सर्वांत मोठी छावणी रक्तात नाही, आतड्याच्या अस्तराला लागून आहे. साहजिकच आहे, पोटात कोट्यवधी जंतू नांदतात आणि त्यांना तेथेच थोपवून धरायचे असते. एच.आय.व्ही. अंगात शिरला की पहिल्या काही आठवड्यांतच ही छावणी लुटतो. तेवढ्या अवधीत रोग्याला साधा फ्लू होऊन गेल्यासारखे वाटते किंवा काहीच वाटत नाही. पुढे औषधाने रक्तातील पेशी भरून येतात, आतड्यातील तेवढ्या भरत नाहीत. कोकणात भातखाचराचा बांध खेकड्यांनी पोखरला की वरून तो धड दिसतो आणि खालून पाणी झिरपत राहते. तसे हे अस्तर झिरपते. अख्खे जंतू नाहीत, तरी त्यांच्या अंगाचे तुकडे रक्तात येत राहतात. अमेरिकेतील डॅनियल डुएक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली हे दाखवून दिले. सैन्य ते तुकडे पाहते, शत्रू आला समजून शस्त्रे उपसते. रोज, चोवीस तास.

शिवाय निजलेला विषाणू म्हणजे मेलेला विषाणू नव्हे. काही पेशींच्या गाभ्यात तो दडून असतो आणि अधूनमधून कूस बदलतो. चोराला कोठडीत घातले, पण तो आत खुडबुड करीत असल्यामुळे पहारेकरी रात्रभर काठ्या आपटीत फिरतो आहे आणि वाड्यातील कोणालाच स्वस्थ झोप नाही, असा हा प्रकार.

याचा हिशेब किती? अमेरिकेत ८२,४५९ माजी सैनिकांच्या नोंदी तपासून २०१३ साली तो मांडला गेला. वय, धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह सारे जमेस धरूनही विषाणू असणाऱ्यांना झटक्याचा धोका सुमारे दीडपट. स्त्रियांचे चित्र अधिक विचार करायला लावणारे आहे: बोस्टनमधील २००७ च्या एका पाहणीत त्यांचा धोका विषाणू नसलेल्या स्त्रियांच्या जवळजवळ तिप्पट निघाला. आपल्याकडे पुष्कळ स्त्रियांना हा विषाणू नवऱ्याकडून आला. त्यातल्या कित्येकींनी नवऱ्याला पोचवून मुले वाढविली आणि आज त्या पन्नाशीत आहेत. बाईच्या छातीत दुखले तर ‘पित्त झाले असेल’ म्हणून आले-लिंबाचा रस देणारी घरे आपल्याकडे अजून थोडीथोडकी नाहीत.

त्यात आपण पडलो हिंदुस्थानी! ५२ देशांतील एका मोठ्या अभ्यासात पहिल्या झटक्याचे मध्यवय आपल्या दक्षिण आशियात ५३ भरले, इतरत्र जवळजवळ ५९. म्हणजे सहा वर्षांची घाई आपल्याला आधीच आहे. विषाणूची भर त्यावर.

आणि तंबाखू. येथे जरा थांबावेसे वाटते. डेन्मार्कमध्ये विषाणू असलेल्या लोकांची एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. उत्तम औषधोपचार मिळणाऱ्या या लोकांच्या आयुष्यातील जितकी वर्षे विषाणूने नेली, त्याच्या दुपटीहून जास्त सिगारेटने नेली! पण विषाणूचे नाव ऐकून हबकणारा माणूस विडीच्या थोटकाला भीत नाही. आपल्याकडे बायका दाताला मिश्री लावतात आणि तिला व्यसनात धरतच नाहीत, तीही तंबाखूच.

बुरशीतून आलेली गोळी

मग यावर उपाय? दाहच मुळातून विझवावा म्हणून मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचे जुने औषध थोड्या मात्रेत विषाणूच्या रोग्यांना देऊन पाहिले. दाहाच्या खुणा हलल्या नाहीत. यश आले ते एका जुन्या ओळखीच्या घराण्याकडून.

स्टॅटिन हे नाव आता पन्नाशीपुढच्या बहुतेक घरांत ठाऊक आहे. जपानचे अकिरा एन्डो यांनी सुमारे ६,००० बुरशी तपासल्या आणि १९७० च्या दशकात त्यातील एका बुरशीत या घराण्याचे मूळ औषध शोधून काढले. फ्लेमिंगला पेनिसिलिन देणाऱ्या बुरशीचीच ती भावंडे! कोलेस्टेरॉल उतरवणे हे स्टॅटिनचे मुख्य काम. पण रोहिणीतील दाहही ती थोडा शांत करते, असे बरेच दिवस वाटत होते.

२०१५ मध्ये बोस्टनच्या डॉ. स्टीव्हन ग्रिन्स्पून यांच्या नेतृत्वाखाली ‘रिप्रीव्ह’ नावाची परीक्षा सुरू झाली. १२ देश, ७,७६९ माणसे, वय ४० ते ७५. आपला देशही त्यांत होता. यात खुबी अशी, की नेहमीच्या ठोकताळ्याने ज्यांना कोणत्याही डॉक्टराने ‘तुम्हांला स्टॅटिनची गरज नाही’ म्हणून परत पाठवले असते, अशीच माणसे घेतली होती. त्यांच्यापैकी अमेरिकेतील ७५५ जणांच्या रोहिण्यांचे सी.टी. स्कॅन सुरुवातीलाच केले, तर जवळजवळ निम्म्या लोकांत ती भिंतीतली चरबी सापडली. कागदावर सारे निर्धास्त आणि भिंतीत गळू!

अर्ध्यांना पिटाव्हॅस्टॅटिन ४ मिलिग्रॅम, अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. सुमारे पाच वर्षांनी, ठरल्या मुदतीच्या आधीच परीक्षा थांबविली, कारण आता निकाल लपत नव्हता. जुलै २०२३ मध्ये तो जाहीर झाला: हृदयाचे मोठे आघात ३५ टक्क्यांनी कमी.

टक्केवारी ऐकून हुरळून जाऊ नये म्हणून साधा हिशेब सांगतो. हजार माणसे वर्षभर पाहिली तर पोकळ गोळीवाल्यांत सात जणांवर आघात झाला, औषधवाल्यांत पाचांवर. शंभराहून थोड्या अधिक लोकांनी पाच वर्षे गोळी घेतली तर एकावरचा आघात टळतो. थोड्या लोकांना स्नायू दुखण्याचा त्रास झाला. मधुमेह औषधवाल्यांत १०० पैकी पाचांना झाला, पोकळ गोळीवाल्यांत चारांना. फायदा चमत्काराचा नाही, पण खराखुरा आहे. या घराण्यातील गोळ्या आपल्याकडे जेनेरिक मिळतात. २०२४ पासून अमेरिकेतील मार्गदर्शक सूचना सांगतात, की विषाणू असलेल्या चाळिशीपुढच्या माणसाचा हृदयाचा धोका मध्यम असेल तर स्टॅटिन द्यावी, कमी असला तरी तिचा विचार करावा. हा लाभ नेमका दाह शमल्यामुळे झाला की कोलेस्टेरॉल उतरल्यामुळे, यावर पंडितांचे वाद अजून रंगतात, ते रंगोत.

दोन फायली, एक माणूस

इतके शास्त्र हाताशी असूनही झटका गाठतो, तो कसा? समजा, एक गृहस्थ आहेत, वय अठ्ठेचाळीस. नाव मुद्दामच देत नाही. ते दुसऱ्या पेठेतल्या ए.आर.टी. सेंटरवर जाऊन दर काही महिन्यांनी गोळ्या आणतात. डबीवरचे लेबल खरवडलेले आहे आणि डबी कपाटात स्वेटरांच्या मागे. सेंटरवर त्यांचा विषाणू मोजतात. तो उत्तम निजलेला. घरच्या डॉक्टरांकडे त्यांची दुसरी फाइल आहे. तीत रक्तदाब आणि ॲसिडिटी. सेंटरला रक्तदाबाचा पत्ता नाही, डॉक्टरांना विषाणूचा नाही. माणूस एक, फायली दोन, आणि दोघींचे आयुष्यात कधी बोलणे झालेले नाही!

हा लपंडाव प्रत्यक्ष जिवावर बेतू शकतो. विषाणूच्या काही औषधांत रिटोनाव्हिर नावाचा घटक असतो. तो घेणाऱ्याला सिम्व्हॅस्टॅटिन दिली तर तिचे रक्तातील प्रमाण कैक पटींनी चढते आणि स्नायू अक्षरशः विरघळू लागतात, मूत्रपिंडे बंद पडू शकतात. झटक्यानंतर देण्यात येणारे टिकाग्रेलॉरही त्याच्याबरोबर चालत नाही. पिटाव्हॅस्टॅटिनची निवड झाली तीही बऱ्याच अंशी ती या औषधांशी भांडत नाही म्हणून. सध्या आपल्याकडे सर्रास दिली जाणारी डोलुटेग्राव्हिर स्वभावाने बरीच सालस आहे. पण तिच्यामुळे मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचे प्रमाण रक्तात वाढते, कॅल्शियमची नाहीतर ॲसिडिटीची गोळी अवेळी घेतली तर तिचा स्वतःचा प्रभाव उणावतो, आणि काहींचे वजनही ती वाढवते. हे सारे डॉक्टरांना सांभाळता येते. अट एकच: त्यांना डबी ठाऊक हवी.

म्हणून अशा गृहस्थाने सेंटरवर जाताना आपला रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांचे कागद बरोबर न्यावेत, आणि चाळिशी उलटली असेल तर ‘मला स्टॅटिन हवी का?’ असे सरळ विचारावे. हृदयाच्या डॉक्टरांपुढे विषाणूच्या गोळ्यांची नावे लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. अतिदक्षता विभागात नेण्याची वेळ आली तर ती चिठ्ठी घरातल्या निदान एका माणसाला सापडली पाहिजे. आणि कोणी कितीही सांगितले, ‘आता तुम्ही ठणठणीत, गोळ्यांना सुटी द्या’, तरी ‘स्मार्ट’मधील १२० आणि ४७ हे आकडे आठवावेत.

डबी दाखवायची भीती वाटते ती उगीच नाही. हाकलून दिलेली माणसे या देशाने पुष्कळ पाहिली आहेत. मात्र १० सप्टेंबर २०१८ पासून एच.आय.व्ही. व एड्स कायदा अमलात आहे. त्यानुसार विषाणू आहे म्हणून उपचार नाकारणे, नोकरीवरून काढणे किंवा घर न देणे हा बेकायदेशीर भेदभाव ठरतो. डॉक्टरांना कळलेली गोष्ट रोग्याच्या लेखी संमतीवाचून, कायद्याने सांगितलेले मोजके प्रसंग सोडता, बाहेर जाऊ देता येत नाही. आणि तक्रार ऐकण्यासाठी प्रत्येक राज्याने लोकपाल नेमावा अशी तरतूद त्यात आहे.